जुनी पिकअप दर उन्हाळ्यात तापते: नेमकं कारण कसं शोधायचं

लक्षण ओळखीचं आहे. दिवाळीत कापूस भरून गाडी व्यवस्थित पळते. मार्च उलटला की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो आणि एप्रिलमध्ये मंडीच्या रांगेत किंवा घाटात पाणी उकळून बाहेर येतं. मग कोणी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) काढून टाकतं, कोणी रेडिएटर धुऊन आणतं, कोणी नवी वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बसवतं. पंधरा दिवस बरं वाटतं आणि गाडी पुन्हा तापते. खाली लिहिलंय ते महिंद्राची २५२३ सीसी डीआय इंजिनची पिकअप, टाटामोबाइल, टाटा २०७ अशा पट्ट्यावर फिरणारा फॅन आणि तांब्या-पितळेचा रेडिएटर असलेल्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरला यातल्या काही गोष्टी चालत नाहीत. त्या त्या ठिकाणी तसं सांगितलं आहे.

आधी हे समजून घ्या की बिघाड उन्हाळ्यात होत नाही, उन्हाळ्यात फक्त दिसतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ चा. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा तोच फरक ४५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच फॅन, पण काम जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. एक तृतीयांश नळ्या चोंदलेला रेडिएटर हिवाळ्यात कुरकुर न करता चालतो आणि उन्हाळ्यात हात टेकतो. म्हणूनच एक पार्ट बदलून प्रश्न सुटत नाही. तीन-चार ठिकाणी थोडं थोडं बिघडलेलं असतं आणि त्या सगळ्याची बेरीज मे महिन्यात बाहेर पडते.

गाडी कधी तापते ते आधी पाहा

पाना हातात घेण्याआधी हे लक्षात घेतलं तर निम्मं काम होतं.

उभ्या गाडीत, रांगेत किंवा वावरातल्या वाटेवर हळू चालताना काटा चढतो आणि डांबरी रस्त्यावर वेग घेतला की उतरतो, तर दोष हवेच्या बाजूला आहे: फॅन, पट्टा, काऊल (फॅनभोवतीचं कडं) किंवा जाळीतला कचरा. याच्या उलट, गावात ठीक चालते पण भरल्या गाडीने वेगात किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही. तिथे नळ्या चोंदलेल्या असतात, खालचा होज (रबरी पाइप) चिपकतो किंवा पंपाची पाती झिजलेली असतात. थंड इंजिन चालू करून पाच-सात मिनिटांतच काटा लाल पट्ट्यात गेला तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंदच अडकलाय किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) उडालंय. आणि काटा क्षणात वर, क्षणात खाली असा नाचत असेल तर पाण्यात हवा अडकली आहे किंवा सेन्सरची वायर ढिली आहे.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. इंजिन गरम असताना काटा लाल पट्ट्यात, पण वाफ नाही, वास नाही, होज दाबल्यावर नेहमीसारखा लागतो, अशा वेळी आधी सेन्सर बदलून पाहा. सेन्सर इंजिनापेक्षा खूप स्वस्त असतो. उलट प्रकार जास्त घातक आहे. पाणी संपून गेल्यावर सेन्सर कोरडा राहतो आणि काटा खाली पडतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड झाली, आणि तेवढ्या वेळात हेड वाकतं.

जाळीतला कचरा

आपल्याकडचं हे कारण बाहेरच्या कुठल्याही मॅन्युअलात सापडणार नाही, पण जिनिंगला कापूस वाहणाऱ्या गाडीत हे हमखास असतं. रुईचे तंतू जाळीच्या पात्यांत शिरतात, त्यावर इंजिनाचं तेल आणि काळ्या मातीची धूळ बसते आणि नमद्यासारखा जाड थर तयार होतो. सोयाबीनच्या हंगामात कुटार उडतं, तेही तिथेच जाऊन बसतं. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण खरा थर आत, पात्यांच्या मध्ये असतो. रेडिएटरमागे टॉर्च धरा आणि पुढून पाहा. उजेड आरपार आला नाही तर हवाही जात नाही.

धुताना पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे हवा ज्या दिशेने येते त्याच्या उलट. पुढून मारलं तर कचरा आणखी आत ठासला जातो. तेलकट थर असेल तर आधी कपडे धुण्याच्या पावडरचं गरम पाणी ब्रशने लावून १५ मिनिटं ठेवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका. पातळ पाती आडवी होतात आणि हवा कायमची अडते. आडवी झालेली पाती जुन्या कंगव्याने किंवा बोथट चाकूच्या टोकाने हळूहळू सरळ करता येतात. वेळखाऊ काम आहे, पण चौथाई जाळी दबलेली असेल तर करायलाच हवं.

कापसाच्या दिवसांत ग्रिलपुढे जाळी लावायची असेल तर मच्छरजाळी नको, तीच हवा अडवते. हरभऱ्याएवढ्या भोकांची लोखंडी जाळी लावा आणि दर फेरीनंतर झटका.

फॅन, पट्टा आणि काऊल

इंजिन गरम असताना थोडं जास्त आयडलवर ठेवा आणि ग्रिलवर वर्तमानपत्राचा एक कागद धरा. तो ओढला जाऊन चिकटून राहायला हवा. गळून पडला तर पुढचं तपासा.

पट्टा दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब भागात अंगठ्याने जोरात दाबा. १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर तो घसरतो. पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चमकत असतील तर ताणून उपयोग नाही, नवाच घाला. पुलीच्या खाचेत तळाला टेकणारा पट्टाही बाद, कारण पट्ट्याने पकड बाजूंनी घ्यायची असते. तळाला टेकला की घसरतो. फार ताणू नका, डायनॅमोचं आणि वॉटर बॉडीचं बेअरिंग जातं.

इंजिन काम झालेल्या गाड्यांत फॅन उलटा बसवलेला अनेकदा सापडतो. उलटा फॅनही हवा त्याच दिशेने ओढतो, म्हणून लक्षात येत नाही, पण हवा फारच कमी येते. पात्याची फुगीर बाजू रेडिएटरकडे आणि खोलगट बाजू इंजिनाकडे असायला हवी.

फॅनभोवतीचं काऊल फुटलं म्हणून मेकॅनिकने काढून टाकलेलं असतं आणि परत कोणी बसवत नाही. काऊल नसेल तर फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत राहतो. रांगेत तापणाऱ्या गाडीत काऊल नसेल तर दुसरं काहीही करण्याआधी ते बसवा. कंपनीचं मिळालं नाही तर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून बनवून घ्या. फॅनची पाती काऊलच्या कडेत साधारण अर्धी आत असावीत आणि चारही बाजूंनी बोटभर मोकळी जागा राहावी. इंजिन हादरतं, त्यामुळे याहून जवळ नको.

पाणी: खरा रोग इथे आहे

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. कोरपना-गडचांदूरकडे चुनखडीची जमीन आहे, तिथलं पाणी जड. असं पाणी तापलं की त्यातला चुना नळ्यांच्या आतून आणि सिलिंडरभोवतीच्या जागेत थर धरून बसतो. हा थर उष्णता फार कमी जाऊ देतो. त्यामुळे पाणी भरलेलं असूनही धातू गरमच राहतो. खारं पाणी दुसरंही नुकसान करतं. मिठामुळे ओतीव लोखंड गंजतं, तो गंज सुटून रेडिएटरच्या खालच्या नळ्यांत चिखल होऊन बसतो आणि वॉटर बॉडीची पाती कुरतडली जातात.

गाडीत रोज लिटरभर बोअरचं पाणी टाकणं म्हणजे रोज थोडा चुना टाकणं. पाणी वाफ होऊन जातं, क्षार आतच राहतात. गळती काढली नाही आणि वरून पाणी टाकत राहिलात, तर धुतलेला रेडिएटरही पाहता पाहता पुन्हा चोंदतो. वारंवार तापण्याचं मूळ बहुतेक गाड्यांत हेच असतं. पाणी उकळून घेतलं तर चुन्याचा काही भाग खाली बसतो, पण मीठ तसंच राहतं, म्हणून खारपाणपट्ट्यात उकळून भागत नाही. बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी सर्वांत चांगलं. ते नसेल तर गावातल्या आरओ प्लांटचं चालेल. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस वाहून गेल्यावर स्वच्छ टिनावरून धरलेलं पाणीही उत्तम.

नळ्या किती चोंदल्यात ते पाहायला गाडी चांगली गरम करून इंजिन बंद करा आणि जाळीवर हात फिरवा. ज्या पट्ट्यात जाळी थंड लागेल तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटर बाहेर काढलेला असेल तर खालचं तोंड तळहाताने बंद करून वरून पाणी भरा आणि हात सोडा. पाणी पूर्ण तोंडभर धो धो पडलं पाहिजे. बारीक धार लागली तर पुढचं धुणं करावं लागेल.

आतून धुण्याची पद्धत

यासाठी सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व वापरा. संडास साफ करायचं अॅसिड अजिबात नको. ते चुना खातं, पण त्यासोबत लोखंड आणि रेडिएटरची झाळणीही खातं. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियम विरघळवतो. हेड किंवा थर्मोस्टॅटचं घर अॅल्युमिनियमचं असेल तर गेलंच. पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असेल तर आधी तेल कुठून येतं ते शोधा. तेलकट थरावर लिंबूसत्त्व चढत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचा खालचा कॉक आणि ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन बोल्ट दोन्ही उघडा. ब्लॉकचा बोल्ट काढून पाणीच आलं नाही तर आत गाळ बसलाय. जाड तारेने खोदून मोकळा करा. हा बोल्ट कोणी काढत नाही, आणि मागच्या सिलिंडरभोवतीचा गाळ वर्षानुवर्षं तिथेच राहतो. निघालेलं पाणी बादलीत मोजा, म्हणजे गाडीत किती मावतं ते कळेल.

थर्मोस्टॅट काढून घर परत बंद करा. दर लिटर पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व या हिशोबाने, म्हणजे १० लिटरला अर्धा किलो, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून भरा. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा, नाहीतर थर्मोस्टॅटशिवाय पाणी तापत नाही. काटा नेहमीच्या जागी आला की २० मिनिटं जास्त आयडलवर चालवा. काट्यावर लक्ष ठेवा आणि वर चढायला लागला की पुठ्ठा काढा. मग इंजिन बंद करून, हात भाजणार नाही इतपत निवल्यावर, पण पाणी गरम असतानाच सगळं सोडून द्या. चहासारखं तपकिरी, गढूळ पाणी निघेल. रात्रभर आत ठेवू नका, अॅसिड झाळणीला लागतं.

साध्या पाण्याने दोन-तीन वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, इंजिन चालवून धुवा. त्यानंतर १०० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेलं पाणी १० मिनिटं फिरवून सोडून द्या, म्हणजे उरलेलं अॅसिड मरतं. पुन्हा एकदा धुवा. पहिल्या वेळी पाणी फारच काळं निघालं तर हे सगळं आणखी एकदा करा. एकदाच दुप्पट लिंबूसत्त्व टाकण्यापेक्षा ते बरं.

एक इशारा. काही रेडिएटर चुन्यामुळेच गळायचे थांबलेले असतात. चुना निघाला की भोक उघडं पडतं. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर कारागीर वरची टाकी उघडून नळ्यांत सळी मारतो आणि गळती झाळून देतो, आणि ते काम टिकतं. गळती थांबवायला हळद टाकायची पद्धत आहे. रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरती ठीक, पण तीच हळद नंतर नळ्यांत बसते. घरी आल्यावर पाणी बदला आणि गळती झाळून घ्या.

भरताना

आपल्याकडे पाणी गोठत नाही, तरी कूलंट हवंच, कारण त्यातला गंजरोधक भाग आपल्याला हवा आहे. घट्ट कूलंट असेल तर एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड पाणी पुरतं. यापेक्षा जास्त कूलंट घालून गाडी जास्त थंड राहत नाही. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. डब्यावर तयार कूलंट असं लिहिलेलं असेल तर त्यात पाणी घालू नका. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. दोन वर्षांनी बदला.

गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा आणि बारीक धारेने भरा. झाकण न लावता इंजिन चालू करून वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येत राहतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. थोडं फिरवून, पूर्ण थंड झाल्यावर परत पातळी पाहा.

झाकण आणि थर्मोस्टॅट

रेडिएटरचं झाकण हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पार्ट आहे. झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल तर ते ०.९ बारचा दाब धरतं आणि त्या दाबाखाली पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही आणि पाणी शंभरालाच उकळून बाहेर पडतं. नवं घेताना जुन्यावरचा आकडाच पाहा. जास्त आकड्याचं लावलं तर जुन्या रेडिएटरची झाळणी फुटते. झाकणाखालची बारीक उलटी झडप अडकली असेल तर गाडी थंड झाल्यावर होज चपटे झालेले दिसतात.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालची चकती गरम झाल्यावर बायपास बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतो. म्हणजे ज्यासाठी काढला त्याच्या उलटच घडतं. शिवाय डिसेंबरच्या पहाटे इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त पितं आणि लायनर लवकर झिजतात. तपासायला पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, भांड्याला टेकू देऊ नका. त्यावर ८२ छापलेलं असेल तर साधारण ८२ अंशांना उघडायला सुरुवात व्हावी आणि पाणी खळखळ उकळेपर्यंत पूर्ण उघडावा. उकळत्या पाण्यातही बंद राहिला तर फेकून द्या. बसवताना मेणाची डबी इंजिनाकडे.

होज आणि वॉटर बॉडी

इंजिन गरम असताना कोणाला तरी रेस द्यायला सांगा आणि खालचा होज पाहा. रेस दिल्यावर तो चिपकत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेली आहे किंवा होज नरम पडलाय. वेगात तापणाऱ्या गाडीत हे कारण सहज निसटतं, कारण गाडी उभी असताना होज ठणठणीत दिसतो. दोन्ही होजना जपून हात लावून पाहा. वरचा कडकडीत आणि खालचा जेमतेम कोमट असेल तर पाणी फिरत नाही. दोन्ही सारखेच कडकडीत असतील तर पाणी फिरतंय, पण जाळीला हवा लागत नाही.

वॉटर बॉडीच्या खाली एक छोटं भोक असतं. तिथून पाणी टपकत असेल तर सील गेलंय. ते भोक एमसीलने बुजवू नका, पाणी बेअरिंगमध्ये जाईल. फॅन धरून हलवा, खडखड वाजला तर बेअरिंग गेलं. एखाद्या दिवशी तोच फॅन जाळीत शिरतो.

गॅस्केट

वरचं सगळं ठीक असूनही पाणी कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, तेव्हा इकडे वळा. थंड इंजिनात काठोकाठ पाणी भरा आणि झाकण न लावता चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे थांबले तर ठीक. एकसारखे येतच राहिले तर सिलिंडरचा धूर पाण्यात शिरतोय. थंड इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं हीसुद्धा त्याचीच खूण. कोणता सिलिंडर ते शोधायला आयडलवर एकेका इंजेक्टरचा पाइप नट, बहुतेक १७ चा, अर्धा आटा ढिला करा. ज्या सिलिंडरचा नट ढिला केल्यावर बुडबुडे कमी होतील तो दोषी. नटावर जाड कापड टाका आणि चेहरा व हात लांब ठेवा. या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि ती साधी जखम समजून भागत नाही, थेट दवाखाना गाठावा लागतो.

हेड उतरवलं तर नुसतं गॅस्केट बदलून गाडी बंद करू नका. हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि कर्णात धरून फीलरने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा. ०.१ मिलिमीटरची पाती शिरली तर हेड लेथवर फेस करून घ्या आणि चीर आहे का तेही तपासून घ्या. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांतलं पाणी आणि तेल हवेने काढून टाका. आत राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला चीर जाते. आवळणं मधून बाहेर, तीन टप्प्यांत, तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलात दिलेल्या टॉर्कने, म्हणजे मोजलेल्या जोराने. हाताच्या अंदाजावर आवळलेलं हेड दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा उतरवावं लागतं.

यातलं काहीच सापडलं नाही तर चाकांना हात लावून पाहा. ब्रेक धरून राहिला असेल तर एखादा ड्रम भट्टीसारखा लागेल. चोंदलेला सायलेन्सर, घसरणारा क्लच आणि काळा धूर सोडणारा, वाढवून ठेवलेला डिझेल पंपही इंजिन तापवतात.

रस्त्यात तापली तर

काटा लाल पट्ट्यात आला पण पाणी अजून आहे, तर लगेच इंजिन बंद करू नका. सावलीत उभी करून, बॉनेट उघडून, थोड्या जास्त आयडलवर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. काटा उतरला नाही किंवा वाफेचा लोट आला तर बंद करा. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला चीर जाते, म्हणून निवल्यावर, इंजिन चालू ठेवून, हळूहळू भरा. जवळ फक्त बोअरचं खारं पाणी असेल तर घरी पोचण्यासाठी तेच घाला. अडून बसण्यापेक्षा ते बरं. फक्त त्याच आठवड्यात पाणी सोडून, धुऊन, कूलंट भरून टाका. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका. एक गिअर खाली घेतला की पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात.

काढलेलं कूलंट वावरात, नालीत किंवा गोठ्याजवळ ओतू नका. चवीला गोड असतं, बैल-वासरं, कुत्री चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या निकामी होतात. झाकणाच्या डब्यात भरून, जनावरं आणि मुलं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा आणि गॅरेजवाला जुन्या ऑइलसोबत घेत असेल तर त्याच्याकडे द्या. धुताना गाडीखाली घमेलं ठेवा. सांडलेल्या जागेवर भरपूर पाणी मारून वर माती टाका आणि ती सुकेपर्यंत जनावरं तिकडे जाऊ देऊ नका.